डॉ. आर्नोल्ड यांचें रग्बी येथील बिऱ्हाड

शाळेंत नवा मुलगा आला म्हणजे त्याच्या नवखेपणाची सर्वांसच कल्पना असते. त्याची वळकटी नवी, ट्रंक नवी, आणि घरची आठवण पदोपदीं. परंतु शाळेचा मुख्यच नवा असला व तो बायकामुलांसह शाळेच्या आवारांत राहावयास आला, तर त्या कुटुंबाची काय स्थिति होत असेल, हें फारसें कोणाच्या मनांत येत नाहीं. असें एक कुटुंब सन १८२८ च्या ऑगस्ट महिन्यांत इंग्लंडांतील रग्बी या गांवीं येऊन उतरलें. कुटुंबाचे कर्ते डॉ. टॉमस आर्नोल्ड. वडील वाचकांस हें नांव ठाऊक असेल. मुलांस मात्र रग्बी हें नांव चेंडूच्या खेळावरूनच माहीत असतें. तो खेळ डॉक्टरांनीं काढिलेला नव्हे, हें येथेंच सांगून टाकतों. त्याचे नियम रग्बीच्या मुलांनीं १८४५ सालीं लिहून काढिले, तेव्हां डॉक्टरांस जाऊन तीन वर्षें झालीं होतीं.

आर्नोल्ड यांचा जन्म १३ जून १७९५ रोजीं वाइट बेटावर काउझ येथें झाला. वडील जकात खात्यांत अधिकारी होते. ते हृदयविकारानें १८०१ सालीं एकाएकीं वारले, तेव्हां मुलगा सहा वर्षांचाहि झाला नव्हता. वॉर्मिन्स्टर व विंचेस्टर येथील शाळांत त्याचें शिक्षण झालें. म्हणजे घर सोडून परक्या छपराखालीं निजणें काय असतें, हें या गृहस्थांस पुस्तकावरून शिकावें लागलें नव्हतें. पुढें ऑक्सफर्ड येथें त्यांनीं पहिला वर्ग मिळविला व १८१५ सालीं ते ओरियल कॉलेजाचे फेलो झाले. १८२० सालीं मेरी पेनरोझ या पाळकाच्या मुलीशीं त्यांचा विवाह झाला. थेम्स नदीकांठीं लेलहॅम नांवाच्या खेड्यांत त्यांनीं घर घेतलें आणि विश्वविद्यालयांत जाऊं इच्छिणारे सातआठ तरुण घरीं ठेवून त्यांस ते शिकवूं लागले. आई, मावशी व आजारी बहीण हींहि लेलहॅमलाच राहावयास आलीं होतीं. हीं नऊ वर्षें त्यांच्या आयुष्यांतील अत्यंत सुखाचीं म्हटलीं पाहिजेत. विद्यार्थ्यांबरोबर पोहावें, दूरवर चालावयास जावें, सायंकाळीं मुलांशीं खेळावें, असा क्रम होता.

असें सुख सोडून त्यांनीं रग्बीची जागा कां मागितली? कुटुंब वाढत होतें व पैशाची गरज होती, हें एक कारण. आणि मोठें काम करण्याची हांव हें दुसरें. दुसरें कारण आम्हांस अधिक खरें वाटतें. अर्ज उशिरां गेला. विश्वस्तांपैकीं कोणाशीं त्यांची ओळख नव्हती. परंतु ऑक्सफर्डच्या हॉकिन्स यांनीं शिफारसपत्रांत असें भविष्य केलें होतें कीं, हा मनुष्य निवडला गेला तर साऱ्या इंग्लंडांतील अशा शाळांचें रूप पालटून टाकील. डिसेंबर १८२७ मध्यें त्यांची निवड झाली.

रग्बीची शाळा इंग्लंडांत ज्यांस पब्लिक स्कूल म्हणतात त्यांपैकीं होती. या नांवानें आपल्याकडील वाचकांनीं फसूं नये. ती सरकारी शाळा नव्हे. फी भरूं शकणाऱ्या आईबापांच्या मुलांची ती खाजगी शाळा. मूळ मात्र निराळें होतें. लॉरेन्स शेरिफ नांवाच्या लंडनच्या एका किराणा व्यापाऱ्यानें गांवच्या मुलांसाठीं १५६७ सालीं ठेवलेल्या देणगीवर ती उभी राहिली होती. त्या काळीं अशा शाळांची कीर्ति कांहीं चांगली नव्हती. मोठ्या मुलांनीं धाकट्यांस राबवावें, छळावें, चोरून दारू प्यावी, आणि गुरुजींनीं वेताच्या छडीवर सारा भरंवसा ठेवावा, असा प्रकार चाले. याच रग्बीच्या शाळेंत १७९७ सालीं मुलांनीं बंड करून मुख्याध्यापकांच्या खोलीचें दार सुरुंगाच्या दारूनें उडविलें होतें व तें मोडावयास शिपाई आणावे लागले होते! असल्या ठिकाणीं सहा लेंकरांची आई आपला संसार घेऊन येते, तेव्हां तिच्या मनांत काय येत असेल याचा विचार वाचकांनींच करावा.

मुलांत थोरली जेन नुकतीच सात वर्षांची झाली होती. मॅथ्यू पांच वर्षांचा. त्याच्या पायांत वांकडेपणा असल्यामुळें त्याला दोन वर्षें लोखंडी पट्ट्या वापराव्या लागल्या होत्या. टॉम चार वर्षांचा, मेरी तीन वर्षांची, एडवर्ड दोनांच्या आंतला, आणि विल्यम तर अवघा चार महिन्यांचा. मुख्याध्यापकांचें घर शाळेच्या इमारतीस लागूनच होतें. लेलहॅमला घर होतें आणि घरांत शाळा होती. येथें शाळा होती आणि तिच्या एका कोपऱ्यांत घर होतें. खिडकी उघडावी तों शेंकडों मुलांचा कोलाहल कानीं पडे.

आर्नोल्ड दंपत्यानें घराभोंवतीं भिंत घातली नाहीं, हें आम्हांस त्यांच्या साऱ्या कर्तृत्वांत विशेष वाटतें. वरच्या वर्गांतील मुलें त्यांच्या घरीं जेवावयास येत, कोणी आजारी असला तर त्याची विचारपूस होई, आणि बुजऱ्या मुलास मेरीबाई जवळ बसवून चहा देत. आर्थर स्टॅन्ले नांवाचा तेरा वर्षांचा एक लाजाळू मुलगा १८२९ च्या आरंभीं शाळेंत आला. त्याला खेळतां येत नव्हतें व भांडतां तर मुळींच येत नव्हतें. हाच मुलगा पुढें लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीचा डीन झाला व आपल्या गुरूचें चरित्र त्यानें १८४४ सालीं लिहिलें. टॉमस ह्यूझ हा दुसरा विद्यार्थी. त्याची टॉम ब्राउनची गोष्ट १८५७ मध्यें निघाली व ती आजहि वाचली जाते. तींत कांहीं मुलें उशिरां, भिजून, चिखलानें माखून परत येतात व शिक्षा होणार या भीतीनें डॉक्टरांच्या खोलींत शिरतात, तों डॉक्टर हातांत पटाशी घेऊन लेंकरांकरितां लांकडाचें जहाज कोरीत बसलेले! ती कादंबरी आहे, खरें. परंतु लिहिणारा आठ वर्षें त्याच आवारांत वाढलेला होता.

दुपारीं बाई तट्टावर बसत व डॉक्टर त्यांच्या बाजूनें पायीं चालत गांवाबाहेर फिरावयास जात. हा नेम त्यांनीं कामाच्या रगाड्यांतहि मोडला नाहीं.

आतां शाळेंत काय केलें तें सांगूं. सर्वांत वरच्या वर्गांतील मुलांच्या हातीं त्यांनीं शिस्तीचा अधिकार दिला. धाकट्यांनीं थोरांचीं कामें करण्याची जुनी चाल त्यांनीं काढून टाकली नाहीं. तीस नियम घालून दिले. हें आम्हांस तितकेंसें पटत नाहीं, कारण अधिकार मिळालेला सोळा वर्षांचा मुलगा नेहमींच न्यायी असतो असें नाहीं. छडी बहुतेक खोटें बोलणें, दारू पिणें व जडलेला आळस यांपुरती ठेविली. मुलगा कांहीं सांगूं लागला तर ते तें खरें मानीत. मग पुराव्याची गरज नसे. यामुळें डॉक्टरांशीं खोटें बोलणें ही लाजिरवाणी गोष्ट आहे असें मुलेंच एकमेकांस सांगूं लागलीं. लॅटिन व ग्रीक यांच्या जोडीस इतिहास, गणित व फ्रेंच यांस त्यांनीं नियमित जागा दिली. सहशिक्षकांचा पगार वाढविला आणि दर तीन आठवड्यांनीं त्यांची सभा भरवून शाळेच्या प्रश्नांचा ते विचार करीत. १८३१ पासून शाळेच्या उपासनामंदिराचें पाळकपणहि त्यांनीं घेतलें, तें मात्र वेतन न घेतां. रविवारचा त्यांचा उपदेश सुमारें वीस मिनिटांचा असे. आपल्याकडील कित्येक उपदेशकांनीं एवढ्यापुरता तरी कित्ता गिरवावा.

आईबापांशीं त्यांचा खटका उडे तो मुलांस परत पाठविण्यावरून. ज्या मुलास या शाळेपासून लाभ होत नाहीं व ज्याच्यापासून इतरांस अपाय होतो, त्यास त्यांनीं गाजावाजा न करितां घरीं पाठवावें. कित्येकदां त्याच्यासाठीं खाजगी शिक्षकहि सुचवावा. यास ते शिक्षा म्हणत नसत. आईबाप रागावत, वर्तमानपत्रें टीका करीत. शाळेंत तीनशें मुलें असावींत कीं पन्नास, याची मला पर्वा नाहीं, असतील तीं ख्रिस्ती सद्गृहस्थ होणारीं असावींत, अशा अर्थाचें त्यांनीं एकदां मुलांस बजाविलें.

पण ज्याचा विश्वासावर एवढा भर, त्याच्याच हातून एकदां विश्वास मोडला. १८३२-३३ च्या सुमारास एका मुलानें परीक्षेंत सांगितलें कीं हा भाग आम्हांस शिकविलेलाच नाहीं. शिक्षकानें शिकविल्याचें सांगितलें. डॉक्टरांस तो मुलगा खोटारडा वाटला व त्यांनीं त्यास निष्ठुरपणें झोडपलें. मुलगा प्रकृतीनें अशक्त होता. मागाहून चौकशी करितां तो खरें बोलत होता असें निघालें! डॉक्टरांनीं त्या मुलाची व साऱ्या शाळेसमोर उघडपणें क्षमा मागितली. स्तुतिपर चरित्रांत हा प्रसंग गाळलेला आढळतो. आमच्या मतें तो गाळूं नये. त्या काळच्या मुख्याध्यापकानें भरसभेंत मुलाची क्षमा मागावी ही सामान्य गोष्ट नव्हे. पण क्षमा मागितल्यानें वळ मिटले नाहींत, हेंहि तितकेंच खरें.

दुसरी गोष्ट गांवकऱ्यांची. देणगी गांवच्या मुलांसाठीं होती. परंतु लहान मुलें या शाळेंत नसावींत असें डॉक्टरांचें मत असल्यामुळें खालचे वर्ग क्षीण होत गेले, आणि ज्यांस बाहेर खाजगी तयारीचा खर्च झेपत नव्हता अशा गांवच्या मुलांस दार बंद झाल्यासारखें झालें. फिर्याद झाली, व १८३९ सालीं न्यायाधीश लॉर्ड लँगडेल यांनीं डॉक्टरांच्या विरुद्ध मत दिलें.

मुलांस वाढावयास मोकळी जागा हवी म्हणून लेक प्रांतांत ॲम्बलसाइडजवळ त्यांनीं फॉक्स हाउ हें घर बांधविलें. १८३४ पासून सुट्ट्या तेथें जात. कवि वर्डस्वर्थ शेजारीं राहत असत. तेथें मुलें स्वतः एक हस्तलिखित मासिक काढीत. आमच्या विद्यार्थ्यांनीं हें ध्यानांत घेण्याजोगें आहे, कारण त्या मासिकाच्या लेखकांपैकीं मॅथ्यू हा पुढें इंग्रजी भाषेचा मोठा कवि व टीकाकार झाला. त्याचा धंदा मात्र शाळातपासनीसाचा, आणि तोहि पस्तीस वर्षें.

१८४१ मध्यें ऑक्सफर्ड येथें अर्वाचीन इतिहासाचे अध्यापक म्हणून डॉक्टरांची नेमणूक झाली. रग्बीचें काम त्यांनीं सोडलें नव्हतें. १८४२ च्या जून महिन्यांत सत्र संपत आलें होतें; सुट्टींत फॉक्स हाउला जावयाचें होतें. रविवार ता. १२ रोजीं पहांटे छातींत कळ येऊन ते जागे झाले. वडिलांस ज्या दुखण्यानें नेलें तेंच हें दुखणें आहे, हें त्यांच्या ध्यानांत आलें. मेरीबाईंनीं त्यांस ५१ वें स्तोत्र वाचून दाखविलें. टॉम जवळ होता. आठ वाजण्यापूर्वींच सर्व आटोपलें. दुसऱ्या दिवशीं त्यांस सत्तेचाळीस वर्षें पूर्ण व्हावयाचीं होतीं. शाळेच्या उपासनामंदिरांतच त्यांस पुरलें.

चार महिन्यांचा म्हणून ज्याला रग्बीस आणिलें, तो विल्यम मोठा होऊन आपल्या देशांत आला. प्रथम सैन्यांत होता. नंतर १८५६ सालीं पंजाबांतील सरकारी शिक्षणखात्याचा पहिला मुख्य झाला. त्याची पत्नी हिंदुस्थानांतच वारली, आणि तो स्वतः स्वदेशीं परत जात असतां जिब्राल्टर येथें १८५९ च्या एप्रिलांत मरण पावला. त्याच्या चार पोरक्या मुलांस थोरल्या जेननें आपल्या पदराखालीं घेतलें. तिचे पति फॉर्स्टर यांनींच १८७० चा प्राथमिक शिक्षणाचा कायदा पार्लमेंटांत आणिला. (पुण्याच्या सरकारी कॉलेजाचे प्रिन्सिपॉल एडविन आर्नोल्ड हे निराळे; पुष्कळांची येथें गल्लत होते.)

मुख्याध्यापकाचें घर शाळेच्या मालकीचें. धनी गेल्यावर विधवेस तें सोडणें भागच होतें. चौदा वर्षांत त्या घरांत आणखी मुलें जन्मास आलीं होतीं. धाकटा वॉल्टर सात वर्षांचा होता. मेरीबाईंनीं नऊ मुलांसह फॉक्स हाउ गांठलें व १८७३ सालीं मरण येईपर्यंत त्या तेथेंच राहिल्या. रग्बीच्या घरांत त्याच ऑगस्टांत टेट नांवाचे नवे मुख्याध्यापक आपलें सामान घेऊन उतरले.