नाव विसरलेली मुलगी: संत जोसेफिन बखिता



८ फेब्रुवारी हा संत जोसेफिन बखिता यांचा सण. बखिता हे त्यांच्या आईवडिलांनी ठेवलेले नाव नव्हे, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. सुदानमधील दार्फुर भागात साधारण १८६९ साली त्यांचा जन्म झाला. सात-आठ वर्षांची असताना गुलामांच्या व्यापाऱ्यांनी ह्या मुलीला पळवून नेले. त्या धसक्याने पोर स्वतःचे नावच विसरली. पळवणाऱ्यांनी तिला बखिता म्हणायला सुरुवात केली. अरबी भाषेत त्याचा अर्थ भाग्यवान!

ती पुन्हा पुन्हा विकली गेली. एका तुर्की लष्करी अधिकाऱ्याच्या घरी तिच्या अंगावर वस्तऱ्याने नक्षी कोरली गेली. ११४ जखमा, आणि व्रण कायम उठून दिसावेत म्हणून त्यांत मीठ चोळलेले.

१८८३ मध्ये खार्टूमला एका इटालियन वाणिज्यदूताने तिला विकत घेतले. १८८५ मध्ये ती त्याच्याबरोबर इटलीला गेली आणि तिथे एका कुटुंबात मूल सांभाळू लागली. पुढे मालकीण सुदानला गेली, तेव्हा मुलगी आणि बखिता व्हेनिसला कनोशियन भगिनींकडे राहिल्या. (मुंबईत ज्यांच्या शाळा आहेत, त्याच ह्या भगिनी.) लहानपणी चंद्र-तारे पाहून ह्यांचा धनी कोण असेल, असा प्रश्न तिला पडे. तो धनी तिला इथे भेटला. मालकीण न्यायला आली, तेव्हा आयुष्यात पहिल्यांदाच बखिता नाही म्हणाली. प्रकरण कोर्टात गेले. इटलीचा कायदा गुलामगिरी मानत नाही, म्हणून ती स्वतंत्र आहे, असा निकाल २९ नोव्हेंबर १८८९ रोजी लागला. ९ जानेवारी १८९० रोजी तिचा बाप्तिस्मा झाला आणि १८९६ मध्ये तिने व्रते घेतली.

आपल्याला पळवणारे भेटले तर गुडघे टेकून त्यांचे हात चुंबीन, कारण ते घडले नसते तर आपण ख्रिस्ती आणि धर्मभगिनी झालो नसतो, असे मदर बखिता पुढे सांगत. इथे आम्ही अडखळतो. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना दुःखाच्या प्रश्नावर आम्ही पानेच्या पाने लिहिली, पण असे काही लिहायचे धाडस झाले नसते. मग ते अपहरण चांगले होते काय? मुळीच नाही. ते पापच होते. देवाने ते व्यापारी धाडले नव्हते, पण त्यांच्या पापालाही देवाची वाट अडवता आली नाही. आणि हेही लक्षात ठेवू या, की ते हात चुंबण्याची गोष्ट बखितांनीच बोलावी. छळ सोसलेल्या दुसऱ्या कोणाला तसे करण्याचा उपदेश आपण करू नये.

१९०२ पासून त्या स्कियो गावच्या मठात होत्या. स्वयंपाक, भरतकाम, पुढे दारावरची सेवा. येणाऱ्या-जाणाऱ्या पोरांच्या डोक्यावर त्या हात ठेवत. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १ ऑक्टोबर २००० रोजी त्यांना संतपद दिले.

जखमा मात्र पुसल्या गेल्या नव्हत्या. शेवटच्या आजारात, अपहरणाला सुमारे सत्तर वर्षे होत आलेली असताना, भ्रमात त्या शुश्रूषा करणाऱ्या भगिनीला विनवत होत्या, की साखळ्या जड झाल्या आहेत, जरा सैल करा. ८ फेब्रुवारी १९४७ रोजी त्यांनी डोळे मिटले. त्यांच्या अंत्यदर्शनाला सारे गाव लोटले होते.