विज्ञानाचे दार उघडणाऱ्या कमलाबाई

माझे वडील एका प्रयोगशाळेत प्राण्यांचे पिंजरे साफ करतात. शीवच्या आमच्या खोलीत चहा घेताना ते नेहमी म्हणतात की, पांढरा उंदीर आणि गिनिपिग दोघेही कुरतडणाऱ्या जातीचे. पण एकाला मानवलेले औषध दुसऱ्याला मानवेलच असे नाही. कारण शोधताना मला कळले की, शरीरातील रासायनिक क्रिया घडवणारी एन्झाइम्स सर्व प्राण्यांत सारख्या प्रमाणात नसतात. मेंदूतील मोनोअमाईन ऑक्सिडेझचे दोन प्रकार आहेत आणि उंदीर व गिनिपिग यांच्या मेंदूत त्यांचे प्रमाण निरनिराळे असते. या एन्झाइमच्या आद्य अभ्यासकांपैकी एक डॉ. डेरेक रिश्टर. केंब्रिजला त्यांच्या हाताखाली काम केलेल्या एका मराठी बाईंचे नाव तेव्हाच मला भेटले. त्या डॉ. कमला सोहोनी.

कमलाबाई मूळच्या भागवत, दुर्गाबाईंच्या भगिनी. जन्म १९११ चा. वडील व काका रसायनशास्त्रज्ञ. १९३३ साली मुंबई विद्यापीठात बी.एस्सी.ला पहिल्या आल्या, तरी बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये सर सी. व्ही. रामन यांनी केवळ स्त्री म्हणून त्यांना नाकारले. त्या हटल्या नाहीत. अखेर एक वर्ष पारखून पाहण्याच्या अटीवर त्यांना प्रवेश मिळाला. वर्षभरात त्यांनी असे काम दाखवले की, पुढे इतर मुलींसाठीही ते दार उघडले.

केंब्रिजमध्ये रिश्टर यांच्यानंतर त्यांनी डॉ. रॉबिन हिल यांच्याकडे वनस्पतींवर काम केले. प्राण्यांच्या पेशीश्वसनात भाग घेणारे सायटोक्रोम सी त्यांना बटाट्यात सापडले. उंदरा-उंदरांत एवढा फरक, आणि बटाट्याशी मात्र आपले असे नाते! १९३९ साली त्या पीएच.डी. झाल्या. पुढे मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये त्यांनी नीरा आणि कडधान्ये यांवर, म्हणजे गरिबाच्या पोटावर संशोधन केले व त्या संस्थेच्या संचालिकाही झाल्या. १९९८ साली त्यांचे निधन झाले.

घरात दोन-दोन शास्त्रज्ञ असूनही त्यांना दाराशी थांबावे लागले. आमच्या घरात तर कॉलेजची पायरी चढणारी मीच पहिली. दहावीनंतर विज्ञान आपल्यासाठी नाही, असे ठरवून मी कला शाखेत आले. मला कोणीही अडवले नव्हते. मीच मला अडवले होते. कला शाखेचा मला पश्चात्ताप नाही. मात्र आता वडील पिंजऱ्यांविषयी बोलू लागले की, मी पुस्तक मिटून त्यांना प्रश्न विचारते. कमलाबाईंना माझे हेच अभिवादन.