पतंगांच्या नोंदी ठेवणारा कर्नल

दिव्यावर झेपावणाऱ्या पतंगाला मराठी कवितेत मोठा मान आहे. त्याची जात कोणती, ही चौकशी मात्र फारशी कोणी केली नाही. ज्यांनी ती आयुष्यभर केली, त्यांत कर्नल चार्ल्स स्विन्हो अग्रभागी होते.

२७ ऑगस्ट १८३८ रोजी कलकत्त्यात जन्मलेले स्विन्हो १८५५ मध्ये ब्रिटिश सैन्यात दाखल झाले. क्रिमियानंतर ते हिंदुस्थानात आले आणि मुंबई इलाख्याच्या लष्करी सेवेत स्थिरावले. १८८० च्या कंदाहार मोहिमेतही या गृहस्थांनी पक्ष्यांचे नमुने गोळा केले! थोरले बंधू रॉबर्ट हे चीन आणि तैवानमधील पक्ष्यांचे नामवंत अभ्यासक. तेव्हा हा नाद घरातलाच.

१५ सप्टेंबर १८८३ रोजी मुंबईत आठ जणांनी 'बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी' स्थापन केली. डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन यांच्यासमवेत स्विन्हो त्या आठांत होते. १८८५ मध्ये त्यांनी मुंबई व दख्खनमधील फुलपाखरे आणि पतंगांची सूची प्रसिद्ध केली. पुढच्याच वर्षी महूची सूची आली. पाठोपाठ ई. सी. कोट्स यांच्यासह त्यांनी भारतातील पतंगांची सूची सिद्ध केली (१८८७-८९). हॅम्पसन यांचे चार खंड त्यानंतरचे, १८९२ ते १८९६ मधले.

सूची म्हणजे रूक्ष काम, असे वाटणे साहजिक आहे. पण स्थळ आणि तारीख नसलेला पतंग हा शास्त्राच्या दृष्टीने केवळ शोभेची वस्तू. शहापूर-मुरबाडच्या एखाद्या बागेत पावसाळी रात्री पांढरा पडदा आणि दिवा लावून पहाटेपर्यंत नोंदी करणारा आजचा हौशी अभ्यासक नेमके तेच दोन रकाने आधी भरतो. टाचणीची जागा कॅमेऱ्याने घेतली, एवढाच फरक. छायाचित्रावरून जात ठरेना, की मात्र अडचण उभी राहते. स्विन्हो यांनी शेकडो नव्या जातींची वर्णने केली. त्यांचे बहुतेक मूळ नमुने इंग्लंडमध्ये गेले. इथल्या रानातल्या पतंगाची अखेरची पडताळणी लंडनच्या कपाटात करावी लागावी, ही खंत रास्तच आहे.

निवृत्तीनंतर स्विन्हो ऑक्सफर्डला राहिले. तेथील विद्यापीठ संग्रहालयातील पतंगांची सूचीही त्यांनीच केली. फ्रेडरिक मूर १९०७ मध्ये निवर्तल्यावर त्यांच्या भारतीय फुलपाखरांवरील ग्रंथमालेचे उरलेले काम स्विन्हो यांनी १९१३ पर्यंत तडीस नेले. २ डिसेंबर १९२३ रोजी, वयाच्या ८५ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.