शाळाच अंगणात नेणाऱ्या ताराबाई

चिंचवडच्या कामगार वस्त्यांत अंगणवाडी म्हटली की वजनकाटा, पोषण आहार आणि लसीची तारीख आठवते. ती कल्पना मात्र बोर्डीच्या समुद्रकाठी आकाराला आली. ताराबाई मोडक (१८९२–१९७३) मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर त्यांनी बालशिक्षणाचे काम केले. पण माँटेसरीची महागडी साधने गरिबाच्या घरी कुठून येणार?

१९४५ मध्ये, पन्नाशी उलटल्यावर, त्या बोर्डीला गेल्या. सोबतीला अनुताई वाघ. बालवाडी उघडली, तरी दलित वस्तीतली मुले येईनात. मग ताराबाईंनी शाळाच वस्तीतल्या अंगणात नेली. आधी मुलांची आंघोळ, नखे, केस, मग गाणी-गोष्टी. साधने म्हणजे शंख-शिंपले, बिया, खडे, पाने. खर्चाचा प्रश्न तिथेच निम्मा सुटला. पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी काम वाढले. गुरे राखणाऱ्या पोरांसाठी कुरणातच शाळा भरू लागली.

१९६२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातल्या ३३ प्रकल्पांत सुरू झाली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले. ते पाहायला ताराबाई नव्हत्या. दोन वर्षांपूर्वीच त्या गेल्या होत्या.