फॅनी फार्मर

हाताच्या अंदाजाने स्वयंपाक करण्याची रीत फार जुनी आहे. चिमूटभर मीठ, मूठभर डाळ, ओंजळभर पीठ ही मापे अनुभवी हाताला पुरतात. नवशिक्याला मात्र ती फसवतात. एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेतही अशीच स्थिती होती. तेथील पाककृतींत अंड्याएवढे लोणी घ्यावे, चहाच्या पेल्याने पीठ घ्यावे, असे लिहिलेले असे. परंतु प्रत्येक घरातला पेला वेगळा, त्यामुळे पदार्थही वेगळा होई. स्वयंपाकघरातील ही अनिश्चितता दूर करण्यासाठी ज्यांनी आयुष्य वेचले, त्यांत फॅनी फार्मर यांचे नाव अग्रगण्य आहे.

फॅनी यांचा जन्म २३ मार्च १८५७ रोजी बॉस्टन येथे झाला. त्यांचे वडील मुद्रणव्यवसायात होते. मुलीने महाविद्यालयात जावे, अशी आईवडिलांची इच्छा होती. परंतु शाळेत असतानाच, वयाच्या सोळाव्या वर्षी, फॅनींना अर्धांगवायूचा झटका आला. कित्येक वर्षे त्यांना चालता येईना. शाळा सुटली ती कायमची. पुढे त्या चालू लागल्या, तरी पाय अधू राहिला. या काळात त्या घरी स्वयंपाक करू लागल्या आणि त्यातच त्यांचे मन रमले.

वयाची तिशी गाठल्यावर त्यांनी बॉस्टनच्या पाकशाळेत प्रवेश घेतला. १८८९ मध्ये शिक्षणक्रम पूर्ण करून त्या तेथेच अध्यापन करू लागल्या आणि पुढे शाळेच्या प्रमुख झाल्या.

कप आणि चमचा यांनी मोजण्याची कल्पना फॅनींच्या आधीही होती. त्याच शाळेतील मेरी लिंकन यांच्या पुस्तकात मापांना स्थान होते. परंतु चमचा शिगोशीग भरावा की सपाट, हे निश्चित नसेल तर माप असूनही नसल्यासारखेच. फॅनींनी सांगितले, की प्रत्येक माप सपाटच हवे. पीठ आधी चाळावे, चमच्याने हलकेच कपात भरावे, कप हलवू नये आणि वरची शीग सुरीने काढून टाकावी. अर्धा चमचा हवा असल्यास भरलेला सपाट चमचा सुरीने उभा विभागावा. तीन लहान चमचे म्हणजे एक मोठा चमचा आणि सोळा मोठे चमचे म्हणजे एक कप, असे कोष्टकही त्यांनी दिले.

हे सर्व १८९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पाककृतींच्या पुस्तकात आले. प्रकाशकाला विक्रीची खात्री नव्हती. म्हणून पहिल्या आवृत्तीच्या केवळ ३,००० प्रती निघाल्या आणि त्यांचा खर्च फॅनींनीच सोसला. पुस्तक मात्र घरोघरी पोहोचले. त्यांच्या हयातीतच त्याच्या तीन लाखांहून अधिक प्रती खपल्या.

१९०२ मध्ये त्यांनी स्वतःची पाकशाळा काढली. स्वतः दीर्घ आजार भोगल्यामुळे रुग्णांच्या आहाराविषयी त्यांना विशेष आस्था होती. त्या विषयावर त्यांनी १९०४ मध्ये पुस्तक लिहिले आणि हार्वर्डच्या वैद्यकीय विद्यालयात व्याख्यानेही दिली. आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत त्यांना चाकांच्या खुर्चीचा आधार घ्यावा लागला. तरीही अध्यापन थांबले नाही. जानेवारी १९१५ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यापूर्वी दहा दिवसांपर्यंत त्या व्याख्याने देत होत्या.

आई किंवा सासूच्या शेजारी उभे राहून शिकण्याची संधी प्रत्येकाला मिळतेच असे नाही. निश्चित मापामुळे केवळ वाचता येणारी व्यक्तीही आत्मविश्वासाने चूल पेटवू शकते. आपल्या घरात मापाचा कप नसेल, तर एकच वाटी ठरवावी आणि सर्व जिन्नस तिनेच, सपाट मोजावेत. साधलेला पदार्थ मग दुसऱ्या दिवशीही तसाच साधतो. शाळा अर्धवट सुटलेल्या एका स्त्रीने हे साधे ज्ञान लाखो घरांपर्यंत पोहोचवले.