डेमोस्थेनिस: ‘परसुएशन’ शून्यातून वाढवणारा वक्ता

डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये कुणाला काही पटवायचं असेल, तर २० बाजूंचा फासा टाकायचा आणि त्यात आपल्या कॅरेक्टरचा ‘परसुएशन’चा आकडा मिळवायचा. हा आकडा खऱ्या आयुष्यात कसा वाढतो, ते अथेन्सच्या डेमोस्थेनिसकडे बघून कळतं.

जन्म इ.स.पू. ३८४. सातव्या वर्षी वडील गेले आणि ज्यांच्यावर सांभाळ सोपवला होता त्यांनीच इस्टेट लाटली. विशीत त्याने स्वतः कोर्टात बोलून खटला जिंकला, पण हाती थोडेच पैसे लागले. नागरिकांच्या सभेत पहिल्यांदा बोलला तेव्हा लोक हसले. आवाज बारीक, दम अपुरा. प्लुटार्क सांगतो, मग त्याने तोंडात खडे धरून आणि चढावर धावत बोलायचा सराव केला. घराबाहेर पडायची लाज वाटावी म्हणून अर्धं डोकंही भादरलं.

पुढे मॅसिडोनियाच्या फिलिपविरुद्ध त्याने अथेन्सला उभं केलं, जुनं वैर असलेल्या थीब्जलाही सोबत आणलं. तरी इ.स.पू. ३३८ मध्ये कायरोनियाच्या लढाईत दोघेही हरले. इ.स.पू. ३२२ मध्ये मॅसिडोनियाचे सैनिक पकडायला आले, तेव्हा त्याने विष घेतलं.

परसुएशनने मित्र जोडता येतात. लढाईचा फासा मात्र वेगळा टाकावा लागतो.