पोटात पहिला विश्वासाचा उजेड

ॲसिडिटी हटत नाही, घास अडकतो किंवा शौचाला काळी होते, अशी तक्रार असली की आज डॉक्टर दुर्बिणीची तपासणी सांगतात. करंगळीएवढी लवचिक नळी तोंडातून जठरात उतरते, काही मिनिटांत आतले अस्तर पडद्यावर दिसते आणि बहुतेक रुग्ण त्याच दिवशी घरी जातात. एकेकाळी मात्र ही तपासणी जिवावर बेतू शकत होती. तिला भरवशाची करण्यात ज्यांनी आयुष्य वेचले, ते डॉक्टर म्हणजे रुडॉल्फ शिंडलर.

त्यांचा जन्म १८८८ चा, बर्लिनचा. पहिल्या महायुद्धात सैन्यात डॉक्टर असताना पोटाच्या विकारांनी बेजार झालेले अनेक सैनिक त्यांनी पाहिले. जठराच्या अस्तराचा दाह क्ष-किरणांत नीट दिसत नसे. तो डोळ्यांनीच पाहायला हवा, हे त्यांच्या मनाने घेतले.

जठरात डोकावण्याचा प्रयत्न आडोल्फ कुसमाउल यांनी १८६८ मध्ये केला होता, तोही तलवार गिळण्याचे खेळ करणाऱ्या माणसावर! सामान्य रुग्णाला ताठ नळी गिळणे कसे जमावे? शिंडलर यांनी म्युनिकमध्ये सुधारलेली ताठ नळी वापरली आणि १९२३ मध्ये आपल्या निरीक्षणांचा सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला. पण नळीने अन्ननलिका फाटण्याचा धोका होताच. प्रतिजैविके नसलेल्या त्या काळात अशी इजा म्हणजे बहुधा मृत्यूच.

अखेर १९३२ मध्ये बर्लिनचे उपकरण-कारागीर गेओर्ग वोल्फ यांच्या साथीने त्यांनी अर्धलवचिक नळी तयार केली. तिचा पुढचा भाग वाकत असे आणि आत ओळीने बसवलेल्या छोट्या भिंगांमुळे वाकल्यावरही चित्र तुटत नसे. तपासणीच्या वेळी पत्नी गाब्रिएले रुग्णाचे डोके हातांत धरून त्याला धीर देत. नळीइतकेच हे हातही महत्त्वाचे होते.

यश हाती आले आणि दोनच वर्षांत घर सुटले. शिंडलर यांचे वडील ज्यू होते. १९३४ मध्ये नाझी राजवटीने शिंडलर यांना अटक करून काही महिने डांबून ठेवले. सुटका झाल्यावर अमेरिकी डॉक्टरांच्या मदतीने ते सहकुटुंब शिकागोला गेले. तेथे त्यांनी आपली विद्या हातची राखून ठेवली नाही. अनेक डॉक्टरांना शिकवले आणि १९४१ मध्ये या विषयाची अमेरिकेतील पहिली संघटना उभी केली. उतारवयात ते म्युनिकला परतले आणि १९६८ मध्ये तेथेच त्यांचे निधन झाले.

त्यांच्या हयातीतच काचतंतूंची पूर्ण लवचिक दुर्बीण आली होती. काचतंतूंतून चित्र नेण्याच्या संशोधनात पंजाबातील मोगा येथे जन्मलेल्या नरिंदर सिंग कपानी यांचा मोठा वाटा होता. शिंडलर यांच्या मृत्यूच्या पुढच्याच वर्षी, १९६९ मध्ये, न्यूयॉर्कमध्ये मोठ्या आतड्यातील गाठी पोट न उघडता दुर्बिणीतून काढण्यात आल्या. आज अल्सरचा रक्तस्राव थांबवणे, पित्तनलिकेतला खडा काढणे ही कामेही दुर्बिणीतून होतात.

शिंडलर यांना मुख्यतः पाहताच आले. पण रुग्णाला इजा न करता पाहता येते, हा विश्वास त्यांनी दिला. पुढचे उपचार त्याच पायावर उभे राहिले.